एप्रिल छाटणी

किवीचा वेल लावायचा आणि फळासाठी चार वर्षं हात बांधून बसायचं, हे माझ्यासारखीचं काम नव्हेच. मला शिट्टी व्हायच्या आत कुकर उघडावासा वाटतो. तरी लावला. आयर्लंडमधल्या कासलबारच्या आमच्या घरामागे ओंजळभर बाग आहे, तिच्यात एक नर वेल, एक मादी वेल, मध्ये खांब आणि तारा. ही दुकानातली तपकिरी, केसाळ किवी नव्हे. हिची फळं बोराएवढी, गुळगुळीत, सालासकट खायची. थंडीला ही जुमानत नाही असं वाचलं आणि मी लगेच हुरळले.

उन्हाळ्यात हा वेल असा काही सुटायचा की विचारू नका. कपड्यांच्या दोरीवर, शेजाऱ्याच्या शेडवर, एकदा तर नवऱ्याच्या सायकलच्या चाकात. मग माझं डोकं फिरायचं आणि हिवाळ्यात कात्री घेऊन मी सगळं सपाट करून टाकायचे. पण किवीला फळ धरतं ते आदल्या वर्षीच्या काडीवर फुटणाऱ्या नव्या कोंबाला. म्हणजे दर हिवाळ्यात मी पुढच्या उन्हाळ्याचं फळच कापून फेकत होते. हे मला चौथ्या वर्षी समजलं, आणि समजल्यावरही मी स्वतःवर चिडायची सोडून वेलावरच चिडले.

त्या जानेवारीत मात्र मी काड्या राखल्या आणि व्हिडिओ कॉलवर अण्णांना वेल दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील. तासगावजवळ आमची द्राक्षबाग. मी शाळेत असताना आईनं आणि त्यांनी ती लावली, आणि आई गेल्यापासून ते आणि माझा धाकटा भाऊ बघायचे. अण्णा फोनमध्ये नाक घालून म्हणाले, "ह्यो काय वेल हाय का वैरणीचा भारा?"

"मग या ना इकडे आणि दाखवा करून," मी म्हटलं. हे मी दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी उत्तर यायचं, बाग कोण बघनार. या वेळी मात्र ते म्हणाले, "येतो. पर एप्रिल छाटणीला माघारी पायजे मला."

मला इतका आनंद झाला की मी काही विचारलंच नाही.

एप्रिल छाटणी म्हणजे खरड छाटणी. द्राक्षं उतरली की एप्रिलच्या उन्हात अख्खा वेल एका एका डोळ्यापर्यंत, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीपर्यंत, खरडून बोडका करायचा. त्यातून नव्या काड्या फुटतात, त्या ऑक्टोबरात पुन्हा छाटल्या की त्यांच्यावर घड येतात. एप्रिलची चुकली की पुढचं वर्ष हातचं गेलं. आमच्या घरातली लग्नंसुद्धा ही छाटणी सांभाळून ठरायची.

माल उतरला आणि फेब्रुवारी संपता संपता अण्णा आले. प्रवासानं दमून दुसऱ्या दिवशी दुपारी झोपले होते, तेवढ्यात भावाचा फोन.

"ताई, अण्णा झोपलेत का?"

"झोपलेत. का रे?"

"बाग काढतोय."

"काढतोय म्हणजे?"

"म्हणजे काढतोय. जेसीबी लावून. वेल म्हातारे झालेत, दोन वर्षं फुलोऱ्यात पाऊस लागला, माझ्याच्यानं आता होत नाही. ऊस लावतो. रात्री झोप तरी लागेल."

मी फोन घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले. "आणि अण्णांना कोण सांगणार?"

"काढून झाल्यावर सांगू. तू एप्रिलभर ठेवून घे त्यांना. ते इथं असले तर काढू देणार नाहीत."

"वा रे शहाण्या! बाग तू काढणार आणि तोंड मी लपवत फिरू?"

"मग तू ये आणि तू कर बाग," तो म्हणाला. ओरडून नाही, अगदी दमलेल्या आवाजात. मी इथे हीटर लावून लॅपटॉपसमोर बसणार आणि त्याला बाग कर म्हणून सांगणार, कुठल्या तोंडानं? मी "बघू" म्हटलं आणि संध्याकाळी अण्णांचं परतीचं तिकीट मार्चअखेरीवरून मेच्या मध्यावर ढकललं. त्यांना सांगितलं नाही.

तिथून माझ्या पायाला जी भिंगरी लागली! ऑफिसचं काम घरून, पण एका जागी बूड टेकेना. मीटिंग चालू असताना मी उठून भांडी लावायचे. स्वयंपाकघरातला एकेक प्रेस (कपाटाला इथल्या लोकांसारखं मीही आता प्रेसच म्हणते) रिकामा करून पुसायचे आणि परत भरायचे. नवरा इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, स्वभावानं थंड. तो म्हणाला, "सांगून मोकळी हो ना एकदाची." मी म्हटलं, "तू सांग मग." तो जेवायला बसला.

अण्णांचंही मन थाऱ्यावर नव्हतं. इथे मार्चमध्ये उठसूट गारा पडतात, साबुदाण्याएवढ्या, आणि लगेच ऊन. पहिल्यांदा खिडकीवर तडतड झाली तेव्हा अण्णा चहाचा कप तसाच टाकून अनवाणी बाहेर धावले. "गारा! आगं, कापड आन! ताडपत्री हाय का?"

"अण्णा, अजून एक पानसुद्धा नाही त्याला!"

पण ते वेलापुढे हात पसरून उभेच. कुंपणापलीकडून शेजारी बघत होता. त्यानं अंगठा वर करून विचारलं, सगळं ग्रँड ना, म्हणजे ठीक ना? मीही ग्रँड म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अण्णांच्या टकलावर गारा वितळत होत्या. मी त्यांना टॉवेल दिला. ज्या बागेसाठी हा माणूस आयुष्यभर असा धावला तिची सुपारी आम्ही दोघा भावंडांनी दिलेली.

आणि रोज तेच. चहा घेताना, "छाटणीला पोचायला पायजे." नवऱ्याबरोबर टीव्ही बघताना, "जावईबापू, छाटणीला चार दिस आदी गेलेलं बरं." भाजी निवडताना, अंथरूण घालताना, अगदी कारणाशिवाय. म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "हो हो, बघू," आणि काहीतरी आणायला आत पळायचे. आत गेल्यावर काय आणायचं ते आठवायचं नाही.

किवीला हात लावायचा नाही असं मी त्यांना बजावून ठेवलं होतं. हिची छाटणी ऐन हिवाळ्यात करायची, वेल झोपलेला असताना. मार्चला मुळांतून रस चढायला लागतो, मग कापलं की वेल वाहतो. अण्णांनी ऐकून घेतलं, मान डोलवली आणि एक दिवस मी मीटिंगमध्ये असताना प्रेसमधून कात्री काढली. मला खिडकीतून दिसलं. मादी वेलाचा अंगठ्याएवढा जाड हात, ज्याला ते ओलांडा म्हणतात, त्यांनी बुडापासून उडवला. ज्या काड्यांवर या वर्षी पहिल्यांदा फळ धरणार होतं, त्यातल्या निम्म्या त्याच ओलांड्यावर.

मी कानाला हेडफोन तसाच ठेवून बाहेर धावले. "अण्णा! काय केलंत हे? सांगितलं होतं ना मी!"

"आगं, आडवातिडवा चालला हुता. वळण नको व्हय त्याला?"

"आत्ता नाही कापायचा! रस चढलाय त्याला!"

"एप्रिलात आमी अख्खी बाग कापतो. थोडं पानी गळतं आन थांबतं. तू काय मला वेल शिकवतीस?"

मी शिकवायची गरजच पडली नाही. आमचं बोलणं संपायच्या आत कापलेल्या टोकाला पाणी जमलं आणि गळायला लागलं. वायसर गेलेल्या नळासारखं. दुपारी खालची फरशी ओली, संध्याकाळी तिथे डबकं. अण्णांनी चिखल लिंपला, तो वाहून गेला. ब्रेडची पिशवी बांधून वर चिकटपट्टी गुंडाळली. पिशवी भरली, फुगली आणि सुटून पडली.

"थांबंना की गं ह्ये," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर माझा सगळा राग ओसरला, कारण त्यांचा चेहरा इतका भ्यालेला मी कधी पाहिला नव्हता. मी लगेच म्हटलं, असं होतं, मरत नाही वेल त्यानं, मी वाचलंय. त्यांना ते पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ते उठल्या उठल्या बाहेर जायचे, बोटानं टोक पुसायचे, परत पाणी आलं की तिथेच उभे राहायचे. जेवण कमी झालं. भावाचे मेसेज येत होते, तारीख ठरली, पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय, अण्णा कसे आहेत. मी लिहायचे, मजेत.

एका सकाळी पाऊस होता, वाऱ्यानं आडवा मारणारा. अण्णा स्वेटरवरच बाहेर गेलेले. मी छत्री घेऊन मागे गेले, ती उघडताक्षणी उलटी झाली. मी तशीच भिजत त्यांच्याशेजारी उभी राहिले. ते पाठमोरेच म्हणाले, "ह्ये थांबलं की जातो म्या. छाटणीला पोचायला पायजे."

आणि मला सहन होईना.

"कसली छाटणी, अण्णा? कशाची छाटणी? बाग काढतोय तो! पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय! तिकीट मी केव्हाच पुढे ढकललंय तुमचं. आम्ही दोघांनी मिळून फसवलंय तुम्हाला. आता काय मारायचं ते मारा!"

ते वळले. मला वाटलं आता खाली बसतील, किंवा ओरडतील. ते म्हणाले, "सांगितलंस एकदाचं."

"म्हणजे?"

"म्हंजी ठावं हाय मला. छाटणीची टोळी जानेवारीतच सांगून ठेवाय लागती, न्हाईतर एप्रिलात मानूस घावत न्हाई. टोळीवाला रस्त्यात गाठ पडला. म्हनला, औंदा तुमच्या पोरानं नको म्हनून सांगितलंय. छाटायचीच न्हाई म्हंजी काढायचीच की. येवढं कळत न्हाई व्हय मला?"

"मग तरी आलात?"

"मग काय करू? म्या काय आडवा पडनार न्हवतो. पर म्या बांधावर हुबा ऱ्हायलो असतो तर त्याच्यानं झालं नसतं. त्याचं काय चुकलं? म्या दमलो, तसा त्योबी दमलाय."

मी ओरडलेच. "अहो, मग रोज उठून छाटणी, छाटणी काय लावलं होतं? जीव जात होता इथे माझा!"

"म्हटलं, आज तरी सांगतीस का." अण्णांनी ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "त्यानं सांगितलं न्हाई. म्हटलं, लेक सांगंल. माझी बाग हाय गं ती. कुनीतरी माझ्या तोंडावर सांगाय नको?"

मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत घेऊन आले. दोघंही ठिबकत होतो. मी चहा ठेवायला लागले तर म्हणाले, "च्या ऱ्हाऊ दे. त्याला लाव फोन."

मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. भावानं लगेच उचलला. "हां ताई. काय म्हणतायत? शंका नाही ना आली?"

मी डोळे मिटून घेतले.

"न्हाई आली," अण्णा म्हणाले. "बोल."

पलीकडून लहानपणी मार खायच्या आधी यायचा तसा आवाज आला. "अण्णा..."

"ऐक. जेसीबी घालायच्या आदी सगळ्या तारा सोडवून घे. तारंसकट वडलंस तर तार उसळती, मानसाच्या डोळ्यात जाती."

"हां."

"मांडवाचं लोखंडी अँगल मोडीत घालू नको. नीट काढून शेडमागं लाव. आन मुळी आर्धी ठिवू नको, खोल जाऊ दे. उसाला ढेकळात मुळ्या लागल्या तर नांगर मोडतोय."

"हां अण्णा."

"आन वेलांची पयली वळ, पाटाकडंची. तुझ्या आईनं लावलेली."

"ती ठेवतो अण्णा," भाऊ घाईघाईनं म्हणाला. "ती नाही काढत. शपथ."

"ठिवू नको," अण्णा म्हणाले. "तीच आदी काढ. ती निघाली की बाकीची काढाय जड जानार न्हाई तुला."

पलीकडून भावाचा नुसता श्वास ऐकू येत होता, लागलेला. अण्णा फोनवर वाकून हळूच म्हणाले, "हायस न्हवं रं?"

"हाय," भाऊ म्हणाला.