सावजीच्या तर्रीपुढे स्कॉच एल

मे महिन्यात नागपूरचं तिकीट मागितलं तेव्हा मिरज स्टेशनवरच्या तिकीटबाबूने मला आधी चष्म्यातून आणि मग चष्मा काढून पाहिलं.

"कोण आजारी आहे का हो तिकडं?"

"कोणी नाही. बीअर चाखायला निघालोय."

त्याने तिकीट असं सरकवलं, की जणू या माणसाला परतीचं लागणारच नाही.

बाबू शहाणा होता. अकोल्याला घेतलेली केळी बडनेऱ्यापर्यंत शिजली. वर्ध्याच्या अलीकडे समोरच्या गृहस्थांनी सुरईतलं पाणी पिण्याआधी त्यावर फुंकर मारली. यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून बरंच कमी करून सांगतो आहे.

आता बीअरचं. तरुणपणी मी एडिंबरोला छपाईची यंत्रं शिकत होतो. त्याच घरात वरच्या खोलीत नागपूरचा मेश्राम राहायचा. तो बीअर बनवण्याचं शास्त्र शिकायला आला होता. त्याची आई दीक्षा घेतलेली, पंचशील पाळणारी. "शिक, पण गिळू नको," एवढं वचन घेऊन तिने पोराला बोटीवर चढवलं. त्यामुळे अख्ख्या स्कॉटलंडात बीअर चाखून थुंकणारा विद्यार्थी तो एकटाच, आणि त्याच्या वाट्याची गिळणारा मी. त्या बीअरची माझी जाण अशी दुप्पट झाली.

तिकडच्या बीअरमध्ये एक प्रकार असतो, स्कॉच एल. आपल्याकडे बाटलीत मिळते ती पिवळी, कडवट, थंडगार बीअर डोळ्यांपुढे आणू नका. ही तांबूस काळी. मोड आणून भाजलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, सगळा गोडवा तिच्यात उतरतो. आधी काकवी आठवते, मग बासुंदीच्या पातेल्याला तळाशी धरलेली खरवड आणि अगदी शेवटी चुलीच्या धुराची एक पुसट रेघ. कडूपणा नावाला. तिला बर्फ दाखवायचा नसतो. माठातल्या पाण्याइतकी गार असली की झालं. पेला तळव्यात धरून थोडा ऊबवायचा, वास घ्यायचा, मग घोट जिभेवर फिरवायचा. आधी तोंडात तिखट, आंबट, विडी, पान काहीही गेलेलं नको. एवढे नियम पाळले तर ती बोलते. नाही पाळले तर तोंड फिरवून बसते.

मेश्राम परत येऊन खाप्याच्या रस्त्यावरच्या एका बीअर कारखान्यात लागला आणि वर्षानुवर्षं मालकाच्या मागे लागून राहिला, की मला एक टाकी द्या, मी स्कॉच एल करून दाखवतो. मालक दर वेळी म्हणायचे, पाहू. शेवटी या वर्षी टाकी मिळाली. अट एकच: तीन परीक्षक बीअर चाखतील. पसंत पडली तर टाकी कायमची मेश्रामची. नाही तर सगळी बीअर नाल्यात, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. दोन परीक्षक मालकांचे, एक मेश्रामचा. तो मी.

स्टेशनावर मेश्राम डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून उभा होता. केस पिकले होते, पण भांडखोर डोळे तेच.

"काहून गा देसाई, एवढा सुकला?"

"मिरजेतून निघालो तेव्हा धडधाकट होतो. वाटेत आटलो."

प्रताप नगरात त्याचं घर. अजून तिथे घरं कमी आणि आखलेले रिकामे प्लॉट जास्त. बैठकीत बुद्धाची मूर्ती, खिडकीत वाळ्याचा कूलर, आणि कूलरला पाठ लावून बसलेली मेश्रामची बायको शांताबाई. तिने मला पाणी दिलं आणि नवऱ्यावर तोफ डागली.

"भाऊजी, तुम्हीच समजवा यायले. झोपेत बी टाकीच बडबडून राहिले. मी म्हटलं, वं बाई, हा सवत आणतो तं बरं होतं, तिले जेवायले तरी वाढता आलं असतं."

"उद्या निकाल आहे," मेश्राम म्हणाला, "मंग चूप बसतो."

"हाव (होय), पास झालं तं बडबड, नापास झालं तं रडारड. चूप कधी बसता तुम्ही?"

त्या रात्री मी वरण-भात खाल्ला आणि वर पान नाकारलं. परीक्षकाची जीभ म्हणजे सोनाराचा तराजू, असं मी शांताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तराजूला बोलायची फार सवय दिसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाप्याला निघालो. कन्हान नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती आणि वाळूपेक्षा ऊन. कारखान्याचे मालक नानाजी दारात उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला शेंदूर. मारुतीचे कडक भक्त. बीअरचा कारखाना बापाकडून आला म्हणून चालवतात, पण स्वतः ताकापलीकडे गेले नाहीत. बीअर कळत नाही म्हणूनच परीक्षक लागतात. त्यांच्या बाजूचे दोघे आत बसले होते. एक देशकर वकील, पोटाने आणि आवाजाने मोठे. दुसरे ढोबळे, शहरात परमिट रूम चालवणारे. त्यांचा शब्द ग्राहकाचा शब्द.

मी म्हणालो, "चला, आधी काम."

नानाजींनी कानांवर हात ठेवले. "बाप्पा! पाहुणा मिरजेहून आला अन् उपाशी पोटी ग्लास पकडीन? लोक मले काय म्हणतीन? आधी पंगत."

आणि पंगत कसली? सावजी मटणाची! ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोष्टी लोकांच्या घरांतून निघालेला हा नागपुरी रस्सा काळाभोर असतो, आणि त्याच्यावर बोटभर तर्री (तेलाचा लाल तवंग) उभी असते. त्या तर्रीत मी छताच्या पंख्याचं प्रतिबिंब पाहिलं, आणि तो पंखा घाबरून थांबल्यासारखा दिसत होता.

"नानाजी," मी हात जोडले, "हे खाल्लं तर माझी जीभ संपली. बीअर चाखून झाल्यावर मी पातेलं पुसून खातो. पण आधी नको!"

"देसाईसाहेब, माझ्या ओट्यावर आलेला मानूस न जेवता कोणत्या कामाले बसला नाही. माझ्या बापाच्या काळापासून नाही. तुम्ही नाही जेवलं तं मीबी नाही जेवत, अन् कामबी नाही होत."

मेश्राम माझ्या कानाशी वाकला. "खा बे. ते नाराज झाले तं टाकी गेली."

मी खाल्लं. दुसऱ्या घासाला कान वाजायला लागले. तिसऱ्याला मला एडिंबरोचा बर्फ, माझी मुंज आणि वारलेले आजोबा एकदम दिसले. आजोबा हात करून परत जा म्हणत होते. वकीलसाहेब मात्र "अजून तर्री!" म्हणून वाटी पुढे करत होते आणि त्यांच्या टकलावरून घाम धोतरात उतरत होता. ढोबळे रुमालाने जीभ टिपत होते. मेश्रामने भातावर ताक ओतून घेतलं होतं, आणि ऐन मुहूर्ताला नवरदेवाला पडसं झालं तर वधूपिता पाहील, तसा तो माझ्याकडे पाहत होता.

मग बीअर आली. बारा बाटल्यांचा एक क्रेट. टाकीवर अबकारी खात्याचं कुलूप असतं, नमुना एकदाच काढून मिळतो. ढोबळ्यांनी पाहुणचार म्हणून पेले तयार ठेवले होते. प्रत्येक पेल्यात बर्फाचे खडे, आणि वर लिंबाची फोड!

मी उठून उभा राहिलो. "बर्फ? स्कॉच एलमध्ये? आणि लिंबू? अहो, हा परीक्षेचा कागद आहे की भेळेचा?"

"चाळीसच्या वर पारा हाय, साहेब," ढोबळे म्हणाले. "बिना बर्फाची बीअर दिली तं गिऱ्हाईक मले पेल्यात बुडवतीन."

मी माझा पेला रिकामा करून घेतला, धुऊन घेतला, बर्फाशिवाय ओतून घेतला. उजेडात धरला. रंग पक्का. पिकलेल्या जांभळाच्या कडेला असतो तसा लालसर काळा. फेस साईसारखा, पेल्याला धरून उतरणारा. मग वास घ्यायला नाक नेलं आणि नाकातून तर्री वाहायला लागली. घोट घेतला. जिभेवर काहीतरी गार, जाड, गोडसर पसरलं, आणि आग विझली. पण ते माल्टचं काम, की कुठल्याही ओल्या पदार्थाचं, हे सांगायला तोंडात कोणी शिल्लकच नव्हतं. उसाचा रस दिला असता, विहिरीचं पाणी दिलं असतं, तरी मी असाच सुस्कारा सोडला असता.

तिकडे न्यायदान जोरात होतं.

"गोड," वकीलसाहेब म्हणाले आणि पेला पुढे केला. "बीअर म्हणावं असं काही नाही. भरा."

"काकवी हाय, काकवी," ढोबळे म्हणाले. "कडूपण कुठं गेलं? घाला अजून जरासं, पाहतो."

"नापास म्हणून लिहा," घोट संपवत वकील. "ती बाटली इकडे सरकवा."

मेश्राम ओरडला, "तुमची जीभ जळाली आहे! उद्या सकाळी चाखा, काही न खाता!"

"उद्याले काय चाखू?" ढोबळे म्हणाले. "टाकी बंद हाय."

माझा संताप ब्रह्मांडी गेला. मी टेबलावर असा हात मारला, की कन्हानच्या पलीकडचे बगळे उडाले. "नापास? अहो, क्रेटकडे बघा! तुमची वाटी संपली, ताक तसंच पडलंय, पाण्याच्या तांब्याला कोणी हात लावला नाही, आणि नापास बीअरचा एक थेंब उरलेला नाही! आरोपीला खाऊन टाकून वर फाशी सुनावता?"

"पिणं वेगळं, पसंत पडणं वेगळं," वकील शांतपणे म्हणाले. "मी माझ्या पक्षकारांचाही चहा पितो."

नानाजी उठले. त्यांनी क्रेटमधली एकेक बाटली उचलून उजेडात धरली. सगळ्या कोरड्या. मग वकीलसाहेबांपुढचं ताकाचं भांडं पाहिलं. ते भरलेलं.

"मले चव नाही समजत," ते म्हणाले, "पन माल उठला का नाही, हे समजते. वकीलसाहेब, इतक्या सालांत तुम्ही मटनावर ताक सोडून दुसरं मागितलं नाही. आज ताकाकडे पायलं नाही. पास. टाकी तुझी, मेश्राम."

मेश्राम उठायला गेला आणि परत बसला.

"पन एक बात," नानाजी पुढे म्हणाले. "ही सावजीवरची बीअर म्हणून जाईन. खानावळीच्या बाजूच्या परमिट रूममंदी. बर्फ टाकून. बाटलीवर तसंच छापायचं."

"अजिबात नाही!" मी ओरडलो. "बर्फाने माल्ट मरतो! याच्यापेक्षा ती नाल्यात—"

"चालते," मेश्राम म्हणाला.

"काय चालते? अरे मर्दा, तत्त्व आहे की नाही काही?"

"तत्त्वानं टाकी भरत नाही गा. तू चाललास मिरजेला. मले इथंच राहाचं हाय, याच उन्हात, याच लोकायसंग. ते बर्फ टाकतीन तं टाको. खाली बीअर तं माझी राहीन."

परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोललो नाही. खाप्यापासून प्रताप नगरापर्यंत मी एकटाच बोललो, पण त्याच्याशी नाही. नागपूरशी, बर्फाशी, लिंबाशी आणि ड्रायव्हरशी. ज्या गावात परीक्षकाला आधी भाजतात आणि मग मत विचारतात, त्या गावात न्याय कसला? आणि वर पास! चुकीच्या कारणासाठी पास होण्यासारखा अपमान नाही. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी तं मॅट्रिक तसाच झालो."

निघायच्या दिवशी मेश्राम स्टेशनावर आला. गाडी लागली होती. मी खिडकीत बसलो, तो गजांना धरून बाहेर.

"देसाई, नानाजी अन् ढोबळ्यायचं सोड. तू तिकडची प्यायला आहेस. माझ्या वाट्याचीबी. मी तं कधी गिळली नाही, चाखली अन् थुंकली. खरं सांग. तशी झाली का?"

तेव्हा मला कळलं, की याने मला मत टाकायला बोलावलंच नव्हतं. टाकीचा निकाल नानाजींनी लावला असेल, पण याचा निकाल अजून बाकी होता, आणि तो देऊ शकेल असा माणूस विदर्भात एकच होता, तोही दोन मिनिटांत हलणार होता. 'हुबेहूब तशीच,' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? माझ्या तोंडून आजवर याहून मोठमोठे पतंग उडाले आहेत.

पण त्याने गज इतके घट्ट धरले होते, की माझ्याने एक इंचही वाढवून बोलवेना.

"मेश्राम, मला काही कळलं नाही. रंग बरोबर आहे, फेस बरोबर आहे. चव तुझ्या नानाजींच्या तर्रीने खाल्ली."

गाडीने धक्का दिला. मग तो हसायला लागला, डोळे पुसत, गाडीबरोबर चालत.

"म्हणजे तू बी नापास!" तो ओरडला. "दिवाळीले ये बे पुन्हा परीक्षेले!"

वर्ध्यापर्यंत मी संतापाने धुमसत होतो, भुसावळपर्यंत थोडा कमी. आता ती बीअर नागपुरात म्हणे धडाक्यात खपते, बर्फ घालून, लिंबू पिळून, तर्रीच्या जोडीला. लोक मला कौतुकाने सांगतात आणि मी त्यांच्या अंगावर धावून जातो. आमच्या घरात सावजीचं नाव काढायला बंदी आहे. एवढा प्रवास, एवढं ऊन, एवढा मान. सगळं मिळालं, एक घोट तेवढा मिळाला नाही. दिवाळीचं तिकीट मी काढलं आहे. बाबूने चष्मा न काढता दिलं. बायकोने डब्यात काय भरू विचारलं, तेव्हा मी म्हणालो, दहीभात, तोही अकोल्यापर्यंतच. पुढे बीअर समोर येईपर्यंत कोणी पाया पडलं, तरी तोंड उघडणार नाही.