काळा रंग सुटलेली चिप

कापसाचा बोळा काळा झाला आणि ज्ञानोबाभाऊंनी कपाळावर हात मारला.

"गेलं म्हणा की मॅडम! घरचीच खोटी निघाली."

मुलांनो, या भाऊंचं चाकणला ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. त्यांच्या जुन्या मशिनचा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे मशिनला हुकूम सोडणारी चिप, जळली होती. ती आता बनत नाही. मिळाली नाही, तर मशिन भंगारात आणि त्यावरची चार माणसं घरी. मी नोकरीभर कंपनीत आलेला माल तपासला. म्हणून ते निगडीला माझ्याकडे दोन चिप्स घेऊन आले. एक बाजारातून आणलेली, अगदी कोरी. दुसरी जुनी, मशिनच्या पॅनेलमध्ये, म्हणजे विजेच्या कपाटात, पडून असलेल्या स्पेअर सर्किट-कार्डवरची.

बनावट चिप करणारे भलत्याच चिपचा नंबर घासून काढतात, वर काळा रंग देतात आणि हवा तो नंबर छापतात. ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा घासला, की तो रंग बहुधा सुटतो. कोरीचा सुटला नाही, जुनीचा सुटला. मी रिपोर्टात 'रिजेक्ट' लिहायला घेतलं.

दोन अक्षरं झाली आणि हात थांबला. जुनीच्या रंगावर नंबर छापलेलाच नव्हता. नंबर होता रंगाखाली, न घासलेला आणि बरोबर. भिंग घेतलं. चिपचे पाय वरच्या अर्ध्यात काळे, सॉकेटमध्ये बसतो तो भाग स्वच्छ. म्हणजे चिप कार्डवर बसलेली असतानाच कुणीतरी रंग मारला होता.

"भाऊ, पॅनेल आतून कुणी रंगवलं?"

"आमीच की! दसऱ्याला पूजेआधी समद्या मशिनी रंगवतो. गेल्या साली पोरांनी स्प्रे आणला व्हता..." ते थबकले. "आरं तिच्या!"

"कार्ड झाकलं नव्हतं?"

"न्हाई. पोरं म्हनली, आतूनबी चकाचक करू."

दोन्ही चिप्स टेस्टरवर लावल्या. टेस्टर चिपला सतत गणितं घालतो आणि उत्तरं ताडून बघतो. कोरी दहा मिनिटांत गरम झाली आणि चुकायला लागली; खोटी तीच, फक्त तिचा रंग पक्का होता. जुनी दुपारभर चालली, एकही चूक नाही.

'रिजेक्ट'चा कागद मी फाडला आणि नवा लिहिला. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. मागे मशिनचा आवाज एवढा होता, की त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

रंग सुटला, एवढ्यावर कुणाला खोटं ठरवू नये. रंग कुणी दिला, ते आधी विचारावं.