मेन स्विच आणि दुतोंडी मीटर

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंना ठसका लागला होता, म्हणून सांगतोय. आणि हसायचंच असेल तर शेवटी हसा, कारण शेवटी जिंकलोय मीच! मधे जी माती खाल्ली ती खाल्ली. लपवून काय करू? भाईंदरच्या अख्ख्या नवघरला माहीत आहे.

तर रिटायर झाल्यावर मी घराच्या गच्चीवर सोलर बसवलं. जुना मीटर गेला, नवा आला. मी त्याला दुतोंडी मीटर म्हणतो. एका तोंडाने आपण घेतलेली वीज मोजतो, दुसऱ्या तोंडाने आपण वीज कंपनीला दिलेली. अहो, जिला जन्मभर बिलं भरली, तिला आता मी वीज विकतोय! आठवडाभर मी गल्लीतून नुसता छाती काढून फिरत होतो.

पण गच्ची होती सुनंदाची. सुनंदा म्हणजे आमची मिसेस. तिचा मसाल्यांचा आणि पापडांचा घरगुती धंदा. मिरच्या, आमसुलं, पापड, सगळं त्याच गच्चीवर वाळायचं. आणि नेमकी उन्हाची बाजू मी पॅनलला देऊन टाकली. ती त्यांना पॅनल म्हणतच नाही, आरसे म्हणते.

"गणपतीनंतरचं बिल येईल ना," ती म्हणाली, "त्यात घेतल्यापेक्षा दिलेली वीज जास्त दिसली पाहिजे. नाही दिसली, तर हे आरसे उतरवायचे आणि माझी गच्ची मला परत. कबूल?"

"कबूल! लिहून घे!"

तिने खरंच लिहून घेतलं. कॅलेंडरच्या मागे, माझ्या सहीसकट.

मी एवढा निर्धास्त का? तर गणपतीला आम्ही गुहागरकडे गावी जाणार होतो. चांगले अकरा दिवस. घरात माणूस नाही म्हणजे पंखा नाही, टीव्ही नाही, फ्रीज नाही. पॅनल बनवतील ती सगळी वीज थेट विक्रीला! डोकं लागतं हो याला.

आता कोकणातला माणूस गावाला निघताना घर कसं बंद करतो, ठाऊक आहे ना? गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद, देवाला नमस्कार, कुलूप. मग ते कुलूप तीनदा ओढून बघायचं. त्यात मी इथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सुपरवायझर. रोज संध्याकाळी मेन खाली ओढल्याशिवाय मी बाहेर पाऊल टाकलं नाही. निरोप समारंभात माझ्यावर भाषण झालं तेही याच एका गुणावर.

गावची बस नाक्यावर हॉर्न मारत होती आणि मला शंका आली. मेन बंद केला ना? उतरलो, पळत घरी आलो, कुलूप काढलं, बघितलं. होता बंद! परत कुलूप, परत पळत बसमध्ये.

सुनंदा म्हणाली, "अहो, मेन बंद केलात, मग त्या आरशांचं काय? तेही बंद पडायचे नाहीत ना?"

मी असा हसलो की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.

"अगं, सूर्य काय मेन स्विचवर चालतो?"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

गावी पोचलो आणि पावसाने दडीच मारली. रोज सकाळी माझा भाईंदरला फोन. आमच्या घरासमोर कांतिभाईंचं फरसाणचं दुकान आहे, त्यांना.

"कांतिभाई, धूप है क्या?"

"अरे भाई, ऐसी धूप है, पापड बाहर रखो तो अपने आप सिक जाएगा!"

झालं! रोज आरती संपली की मी वाडीला ऐकवायचो, "मी इथे मोदक खातोय आणि तिथे माझं घर वीज विकतंय!"

मोबाइलवरचं सोलरचं ॲप मात्र सारखं 'ऑफलाइन' दाखवत होतं. आमचे मोठे भाऊ नाना त्यात डोकावून म्हणाले, "ह्यात तर काय दिसत नाय रे."

"दिसेल कसं नाना? घरचं वायफाय बंद आहे. मीच तर मेन बंद करून आलोय!"

बघा! स्वतःच्या तोंडाने बोललो, तरी टाळक्यात उजेड पडला नाही. आता याला काय म्हणायचं?

परत आलो ते पेढे घेऊनच. मेन वर केला आणि थाटात मीटरसमोर उभा राहिलो. मागे कांतिभाई, शेजारपाजार, सगळे जमलेले. जाताना मी दिलेल्या युनिटचा आकडा दारामागे पेन्सिलीने लिहून ठेवला होता. मीटरमध्ये बघितलं, तर तोच आकडा! अकरा दिवसांत एक युनिट पुढे सरकलं नव्हतं.

"मीटर बिघडलाय!" मी ओरडलो. मग वाटलं, कोणी चोरली तर नसेल माझी वीज? मी कांतिभाईंच्या छपराकडे संशयाने बघितलंसुद्धा. देवा, माफ कर. तिथून तरातरा वीज ऑफिसात गेलो आणि भर काउंटरवर आवाज चढवला, "अकरा दिवसांचं कडक ऊन गेलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आली. माझ्या पुतणीच्या वयाची पोरगी. सगळं शांतपणे तपासलं. मीटर ठणठणीत, पॅनल ठणठणीत.

"काका, घर बंद होतं का?"

"हो, अकरा दिवस."

"आणि मेन स्विच?"

"बंद!" मी ताठ उभा राहिलो. "दोनदा तपासलाय. बसमधून उतरून येऊन!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आठवून मला आत्ताही घाम फुटतोय. "काका, बाहेरची लाइन मिळाली नाही तर ही सोलरची मशीन स्वतःच थांबते. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. तुम्ही मेन बंद केलात, म्हणजे लाइन तोडलीत. तुमचे पॅनल अकरा दिवस नुसते ऊन खात पडले होते."

दारातून सुनंदाचा आवाज आला, "अगंबाई! म्हणजे सूर्य मेन स्विचवरच चालतो की!"

अख्खी गल्ली हसली. कांतिभाई तर ओट्यावर बसूनच हसले. आणि संध्याकाळी बघतो तर सुनंदा गच्चीवर टेप घेऊन मापं काढतेय.

गावी जाण्याआधीच्या ढगाळ दिवसांमुळे घेतलेली वीजच जास्त होती, आणि रीडिंगला राहिले होते फक्त नऊ दिवस.

पण मीही हट्टाला पेटलो! टीव्ही बंद. इस्त्री बंद. दिवसा पंखा बंद. सुनंदाच्या मिक्सरला हात लावायची हिंमत नव्हती, तेवढा सोडला. उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा पेपर उचलला आणि समोर कांतिभाईंच्या दुकानात जाऊन बसलो, त्यांच्या पंख्याखाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नऊच्या नऊ दिवस! मोबाइलसुद्धा तिथेच चार्ज केला. घरी आलो की आधी मीटरचा आकडा बघायचा. सरकत होता हो, रोज सरकत होता!

आणि बिल आलं. घेतल्यापेक्षा दिलेली वीज चार युनिट जास्त! चार तर चार! मी भर गल्लीत फुगडी घालायचा बाकी होतो. कॅलेंडर काढून सुनंदापुढे धरलं. बाई शब्दाची पक्की, हात जोडून म्हणाली, "जिंकलात. राहू देत तुमचे आरसे."

पहिला पेढा कांतिभाईंना.

"मुँह मीठा करो कांतिभाई! मैंने कंपनी को बिजली बेच के दिखाई!"

त्यांनी पेढा तोंडात टाकला, गल्ल्याखालून स्वतःचं बिल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"बहुत अच्छा किया, भाई. बिजली बेची तुमने, नौ दिन पंखा घूमा मेरा. अब ये बिल मैं किसको बेचूँ?"