हात पोचेल तेवढं गाव

गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बाजारात भाजी घेत होते. "नलूताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. आणि खोटं कशाला सांगू, मला सगळ्यात आधी आठवली ती दादाची गाडी. रविवारी मी ती तशीच उभी ठेवून आले होते.

दादा डहाणूच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मोरीचं जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर डहाणू वसवायला घेतलं. चिकूच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची दुकानं, काड्यापेट्यांच्या चाळी, स्टेशन, फाटक, आणि सगळ्याला वळसा घालणारी बोटाएवढ्या डब्यांची गाडी. "समुद्र कुठाय?" मी विचारलं. "बसत नाही. छोट्या जागेत काय गाळायचं ते आधी ठरवावं लागतं. आणि हात पोचेल तेवढंच गाव करायचं. गाडी रुळावरून घसरली तर उचलणार कोण?" समुद्र गाळून डहाणू करणारा हा एकटाच माणूस असेल. त्यावरून मी त्याला वर्षभर चिडवलं.

मग अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला... खुर्चीत बसून डावा हात पलीकडे पोचेना, तेव्हा त्याने सुताराला बोलावून ते दार उभं चिरायला लावलं. मला रडू आलं. अरुंद फळीवर वळण बसेना, म्हणून रूळ सरळ झाले. "आता गाडी नुसती जाणार आणि येणार," मी म्हटलं. "तूही दर रविवारी तेच करतेस की," तो म्हणाला. लांबच्या टोकाला त्याने तलासरी केलं. आमच्याकडे रेल्वे कधी आली नाही. त्याने स्टेशन बांधलं, डाव्या हाताने पाटी रंगवली, अक्षरं सगळी वाकडी. दोन टोकांना दोन बटणं. गाडी ज्याच्या स्टेशनात, त्यानेच ती सोडायची. निघताना मी ती त्याच्याकडे पाठवायचे. आठवडाभर तो तिची धूळ पुसायचा आणि पुढच्या रविवारी मी आले, की चहाच्याही आधी माझ्याकडे सोडायचा.

त्या रविवारी शेवटची जीप सुटत होती. "गाडी सोड गं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी सोडते," मी दारातूनच खेकसले. त्याचा हात माझ्या बटणापर्यंत पोचत नव्हता, हे मला ठाऊक होतं. ते मला अजून सहन होत नाही.

परवा, महिन्याने, डहाणूला गेले. वहिनीने फळीला हातही लावला नव्हता. गाडी तलासरीतच उभी होती, डब्यांवर धूळ. पदराने पुसली, माझ्या स्टुलावर बसले आणि बटण दाबलं. चाळी, दुकानं, फाटक मागे टाकत ती डहाणूला जाऊन थांबली.

"पोचली," वहिनी म्हणाली.

मी मात्र ती परत सुटायची वाट बघत तशीच बसून राहिले.