तानीचा रिकामा चौक

तलासरीकडच्या पाड्यांत लग्न ठरलं की नवरीआधी तानी ठरायची, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा तर तिनेच. पण हे काम सवाशिणीचं. तिचा नवरा जिव्या गेला, आणि चौकाच्या मधोमध लिहायची ती लग्नाची पालघट देवी तिच्या हाताला बंद झाली. देवीच नाही तर चौक कसला? बाईने लिहिणंच सोडलं. बोटं मात्र शिवशिवायची हो. भाकरी थापता थापता पिठात झाडं उमटायची.

दोन हजार अठरा साली नव्या रेल्वेमार्गासाठी जमिनीची मोजणी आली. आभाळातून काढलेल्या नकाशात पाड्याची जमीन पडीक, वस्ती शून्य. म्हणजे इथली माणसं काय भुतं होती? डहाणूला मोर्चा ठरला. तानीची सून संगिता हिने गेरूने रंगवलेलं कापड सासूपुढे पसरलं आणि यावर आपला पाडा लिही म्हणाली.

मोह कुणाला आवरतो! घरं, विहीर, ताडाची झाडं, शेळ्यांसकट पाडा उतरला. हाताच्या सवयीने मधोमध चौकही आखला गेला, आणि तिथे तानी थबकली. मधली जागा कोरी राहिली.

मोर्चात कुणी फोटो काढला. चारोटीच्या हॉटेलवाल्यापासून मुंबईच्या साहेबापर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर. पेपरवाले म्हणाले, ही हिरावलेल्या जमिनीची पोकळी! शहाण्यांनी पानंच्या पानं भरली, शहरातली पोरं रिकामे चौक घेऊन रस्त्यावर आली, आणि गंमत बघा, त्या गाजावाज्याने फेरमोजणीचा हुकूम निघाला. पाडा खूश. तानीला मात्र घास उतरेना. तिचं उणेपण जगभर मिरवत होतं, आणि ते पाड्यातल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

पुढच्या मोर्चाआधी ती म्हणाली, कुण्या सवाशिणीकडून देवी लिहून घ्या. संगिताने हात जोडले. लोक कोऱ्या चौकालाच ओळखतात, आता भरला तर कोण बघणार? तिचंही चुकत नव्हतं.

देवीची गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी सोमी तिथेच बसली होती. म्हातारी कुणाला भीक घालायची नाही. तिने पिठाची वाटी तानीपुढे सरकवली.

"माझाही नवरा कधीचा गेला. तरी मी गाते, न् देवी येते. तुझ्या हातालाच काय झालं?"

तानी रडली, मग लिहायला बसली.

मोर्चात फोटोवाला तिला शोधत आला. रिकामा चौक कुठाय, त्याने विचारलं.

"भरला," तानी म्हणाली.