चिखलात बसलेला बाबांचा धूर

जन्मभर मी समुद्राच्या तळचा चिखल तपासला. त्यात अडकलेल्या तेला-मेणाच्या कणांवरून हजारो वर्षांपूर्वी समुद्र कसा होता, किनाऱ्यावर काय उगवत होतं, काय जळत होतं, ते ओळखायचं, हे माझं काम. आमच्या भरे गावात मात्र मी 'चिखलवाली बाई'. असो.

पीएच.डी.चं शेवटचं वर्ष होतं. प्रयोगशाळेतलं चिखल सुकवायचं यंत्र ऐन वेळी बंद पडलं, आणि मला कुठला धीर! नमुने घेऊन तडक घरी आले, पडवीत फॉइलवर पसरले. शेजारी एक रिकामी फॉइल ठेवली. आमच्या कामात तसा रिवाजच आहे. बाहेरून काही येऊन बसलं, तर ते रिकाम्या फॉइलवरही सापडतं.

पंधरा दिवसांनी तपासणीच्या यंत्रावर जळक्या लाकडाची खूण अशी उसळली म्हणून सांगू! पुरातन वणवे! मी पेढे वाटले. रिकामी फॉइल तपासायचा मात्र कंटाळा केला. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी, केवळ यादी पुरी करायची म्हणून तपासली. तीच खूण, तेवढीच उंच.

अगं बाई! भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, तो राब. नमुने सुकत होते तेव्हाच बाबा पडवीसमोरच्या वावरात शेण-पाला रचून राब भाजत होते. आगपेटी मीच नेऊन दिली होती!

रिकाम्या फॉइलवरची खूण पाहिली होती फक्त मी. गप्प बसले असते तर पदवी हातात होती. तासभर स्वतःला शिव्या घातल्या आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगून टाकलं. त्या कडाडल्या. पदवी वर्षभर लांबली.

घरी सांगितलं तर बाबा उलट खूश.

"म्हंजी आमचा धूर तुझ्या यंत्राला घावला व्हय?"

"घावला. माझं वर्ष गेलं."

"जाऊंदे गं. पुन्यांदा आन सुकवायला. औंदा राब पल्याडच्या वावरात भाजतो."

पुन्हा घरी सुकवायला मी काय वेडी आहे? नव्या नमुन्यांत वणवे निघाले नाहीत, पण दुसरं पुष्कळ निघालं. उभी नोकरी त्यावर झाली, आणि मजेत झाली.

आता बाबा नाहीत. त्या वावरात बंगले उठलेत. निवृत्त होताना प्रयोगशाळेतून मी एकच कुपी घरी आणली, त्या बिघडलेल्या चिखलाची. परवा भाचेसून आवरताना म्हणाली, "आत्या, ही मातीची बाटली टाकू का?"

"हात लावून तर बघ!" मी खेकसलेच.

समुद्राबद्दल ती कुपी धड काही सांगत नाही. पण बाबांच्या वावरातला धूर आता तेवढ्यातच उरलाय.