वाचता न येणारीनं उतरवलेलं पान

शेवटचं भेटलो तवा त्या खोलीत आमी चौघी हुतो. खाटंवर वकीलबाई, उशाशी त्यांची भाची नीला, दाराजवळ माझी नात शुभांगी, आन बाईंच्या पायाशी मी. बाई लय वाळल्या हुत्या. नीला म्हनली, "आत्या, हौसाबाई आल्यात." तर डोळं न उघडताच बाई म्हनाल्या, "कळलं. हळदीचा वास आला." मग जरा थांबून, "पॉलिश नीट निघतंय ना?" मी म्हनलं, निगतंय की. "मग काम सोडून रोज इथं कशाला येता?" अशा हुत्या बाई. मी दोन दिस गेले न्हाई. तिसऱ्या दिशी सकाळी नीलाचा फोन आला… त्याला आता सव्वा म्हैना झाला. शुभांगी म्हनली, आज्जी, पेपरच्या पुरवणीत लिवू या तुझ्या बाईंवर. म्हनलं, मी तिसरी शिकल्याली, मी काय लिवनार? म्हनली, तू बोल, मी लिवते. मंग मी बोलतीया. ही मधी मधी शुद्ध करायला बगतीया, मी करू दीना.

माझं माहेर वडूजच्या बाजूचं. लगीन होऊन सांगलीला आले. मालकांचा आन शिवाप्पा अण्णाचा भागीत हळद पॉलिश करायचा धंदा हुता. वाळल्याली हळकुंडं डरमात घालायची, डरम फिरवायचं, घासून घासून हळद चकचकीत हुती. अशी दोन डरमं हुती, एका पत्र्याच्या शेडात. दुष्काळाचं साल सरलं आन फुडच्या वर्साला मालकांच्या पायाला पत्रा लागला. धनुर्वात झाला. आठ दिसांत मानूस गेला. मला दोन पोरी, मोठी चार वर्साची. तेरावं झालं तसं मी दुसऱ्याच्या गोदामात हळद निवडायला जाऊ लागले. रडायला ईळ मिळाला न्हाई, म्हनून रडले न्हाई. त्यात काय मोठं न्हाई, लय बायांचं असंच झालंय.

वरीस व्हायच्या आत शिवाप्पा अण्णा कागद घेऊन आला. त्यो तसा वाईट मानूस नव्हता. पोरींस्नी चिरमुरं घेऊन यायचा. म्हनला, "वैनी, निस्ती सही करा वो. सरकारी काम हाय." मला अक्षरं जुळवून वाचता यायचं. मी बोट ठिवून वाचाय लागले तसा त्यो घाईला आला. "एवढं काय वाचताय? मी काय परका हाय?" मी म्हनलं, परका न्हाईस अण्णा, म्हनून तर सावकाश वाचतीया. खाली लिवलं हुतं, माझा कसलाही हक्क उरलेला नाही. ते 'कसलाही' मला तीनदा वाचायला लागलं. म्हनलं, मला दोन दिस दे.

दुसऱ्या दिशी कोर्टात गेले. शिपायाला इचारलं, वकील कुठं बसत्यात? म्हनला, बार रूममधी. मला वाटलं तंबाखूचा बार भरायची खोली असंल, मानसं घटकाभर तिथं बसत असतील. दाराशी जाऊन बगितलं तर खरंच दोघंतिघं तंबाखू मळत बसल्याली! मी म्हनलं, "बार भरून झाला की कुनी येक वकील भायेर या." आतली मानसं जी हसली… त्यातलं येक म्हातारं वकील, दादासायेब म्हनत त्यास्नी, म्हनाले, "काय काम हाय बाई?" म्हनलं, हळदीच्या भागीचं. "मग त्या कोपऱ्यात जावा. हळदवाल्यांच्या वकीलबाई तिथं बसत्यात."

पंख्याखालच्या मोठ्या टेबलाला समदी बाप्ये मानसं. बाई पुस्तकांच्या कपाटाला लागून एका बारक्या टेबलाशी. व्यापाऱ्यांची कामं करायच्या त्या, भागीपत्रं, करार, दुकानाच्या नावाची भांडनं. खून-मारामारीचं न्हाई. म्हनून त्यास्नी कुनी मोठं वकील धरत नव्हतं. मला हुंदका आला तवा बाईंचं पयलं बोलनं काय तर, "रडून घ्या आधी. मी तोवर हे संपवते." मला राग आला. रागानं रडू थांबलं. कागद वाचून म्हनाल्या, "सही केली असती तर मी काही करू शकले नसते. कुणी सांगितलं थांबायला?" म्हनलं, कुनी न्हाई, मी सावकाश वाचती. तवा त्या पयल्यांदा माज्याकडं नीट बगून हसल्या.

त्यांचं येक बगितलं मी. खोलीतल्या बाकीच्यांनी बारचं, मंजी त्या वकिलांच्या मंडळाचं, मेंबर व्हायचं मंजी बसायला खुर्ची आन गप्पा मारायला सोबती. बाई मात्र मेंबर हुत्या त्या कपाटासाठी. शिपाई समद्यांस्नी पानी दिऊन झाल्यावर त्यास्नी द्यायचा. येकदा म्हनाल्या, "महादू, वर्गणी मीही भरते. पाणी शेवटी दे, चालेल. पण कपाटाची किल्ली मला पहिली पाहिजे." ती किल्ली त्या सकाळी घेत आन सांजच्याला देत. कुठलं पुस्तक कुठं हाय ते त्यास्नी आंधळ्यावानी हात लावून सांगता यायचं.

तवर कळलं का शिवाप्पा अण्णा दोन्ही डरमं मिरजंच्या एका मानसाला इकायला निगालाय. बाईंनी कोर्टात अर्ज टाकला, विक्री थांबवा म्हनून. शिवाप्पाचं वकील कोन? तर तेच दादासायेब. त्यांचं म्हननं, भागीदार मेला, भागी मोडली, आता त्याच्या बायकोचा संबंध काय? बाई म्हनाल्या, भागी मोडली हे खरं. पण हिशेब झाल्याबिगर जो धंदा चालू ठिवतो, त्यात मेलेल्याच्या घरच्यांचा भाग ऱ्हातो, मालातबी ऱ्हातो. असा येक निकाल मोठ्या कोर्टानं दिल्याला, आन त्यो एका पुस्तकात हाय. बाई कपाटाशी गेल्या. तिथं दोन पुस्तकांच्या मधी हात जाईल एवढी फट. नोंदवही बगितली तर पुस्तक दादासायबांच्या नावावर, लय दिसापास्नं.

बाई त्यांच्या टेबलाशी गेल्या. "दादासाहेब, ते पुस्तक हवंय."

"घरी हाय. आनतो की. पुस्तक कुठं पळून चाललंय का?"

"सोमवारी तारीख आहे."

"सोमवार लय लांब हाय वो बाई."

असं चार दिस चाललं. मला वाटतं त्यांच्या मनात पाप नसंल. पन आळस बी कवाकवा पापाएवढंच काम करतो. शुक्रवारी सकाळी बाई गोदामाच्या दारात हुभ्या. "हौसाबाई, चला. सातारला जायचंय. तिथल्या बारमध्ये ते पुस्तक आहे." मी पोरी शेजारनीकडं सोडल्या आन तशाच पिवळ्या हातानं यष्टीत बसले. वाटंत बाई कागद वाचत बसल्या. कराडला मी त्यास्नी भाकरी दिली, ती खाल्ली आन म्हनाल्या, "मीठ जास्त आहे."

सातारच्या बारमधी बाईंनी सांगलीच्या मेंबरकीची पावती काढून दाखवली. तिथला शिपाई म्हनला, "भायेरच्या मेंबरनी हितं बसून वाचायचं. पुस्तक उचलायचं न्हाई. कोर्ट उठलं का मी कुलूप लावनार. आन ह्या बाई कोन?"

"माझ्या मदतनीस."

"वकील हायत?"

"नाही. उतरवून घेतात."

मी बाईंच्या तोंडाकडं बगत बसले. पुस्तक तर इंग्रजी! तवा काय आतासारकी झेरॉक्स नव्हती कुठं. बाईंनी लिवायला घेतलं, पन निकाल लांबडा आन घड्याळ फुडं पळत हुतं. मंग बाईंनी पुस्तक दोघींच्या मधी उघडं ठिवलं. डावं पान त्यांच्याकडं, उजवं माज्याकडं. त्यावर निकालाच्या शेवटच्या नऊ-धाच वळी हुत्या, त्यांवर बोट ठिवून म्हनाल्या, "एवढं काढा."

"आवं बाई, मला इंग्रजीतला आ सुदिक येत न्हाई!"

"रांगोळी येते ना? बघून काढता ना? तसं काढा. काही सोडायचं नाही, काही घालायचं नाही."

मी काढाय लागले. कोनाला शेंडी, कोनाला पोट, कोन काठी टेकून हुभं. येक येक अक्षर बगायचं, काढायचं, परत बगायचं. त्या पानावर त्यांच्या बारचा गोल शिक्का हुता, मी त्यो काढला. चहाचा डाग हुता, त्योबी काढला, मदी बारीक ठिपकं दिऊन. कुनीतरी कडंला पेनशिलीनं फुली मारल्याली, तीबी सोडली न्हाई. कोर्ट उठलं, शिपायानं किल्ल्या वाजवल्या, तवा माझी शेवटची वळ चालली हुती. शिपाई वाकून बगाय लागला आन म्हनला, "बाई, आमचा शिक्का तुमी हातानं मारला व्हय!" आन त्यो कुलूप घेऊन तसाच हुभा ऱ्हायला, माझं हुईस्तवर.

सोमवारी कोर्टात बाईंनी कागद फुडं केलं. दादासायेब उठलं. "सायेब, ही हातानं लिवल्याली नक्कल. कुनी काय घातलं, काय गाळलं, कसा भरवसा धरायचा?" जजसायबांनी माझा कागद उचलला. उलटा केला, सुलटा केला. "हे काय आहे?"

बाई म्हनाल्या, "तो चहाचा डाग आहे, साहेब."

कोर्ट हसलं. मला वाटलं, मेलं… माज्यामुळं गेलं समदं. दोन्ही डरमं डोळ्यांफुडं मिरजंच्या गाडीत चढली. पन बाई हसल्या न्हाईत. म्हनाल्या, "साहेब, शेवटचं पान या हौसाबाईंनी उतरवलं आहे. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्यामुळे त्यांना यात काही घालता येत नाही आणि काही गाळताही येत नाही. डागसुद्धा गाळलेला नाही. आणि मूळ पुस्तक पाहायचं असेल तर आपल्याच बारची एक प्रत आहे. नोंदवहीत दादासाहेबांचं नाव आहे."

जजसायबांनी दादासायबांकडं बगितलं. "घरी आहे?" ते म्हनाले, हाय. "मग जेवायच्या सुट्टीत घेऊन या." आनलं. धूळ झटकून आनलं. जजसायबांनी बोट ठिवून वळ आन वळ मिळवली, माज्यासारकं सावकाश. मंग म्हनाले, "शिक्का, डाग आणि फुली सोडली तर सगळं जुळतंय." विक्री थांबली. फुडं चार म्हैन्यांनी आपसांत मिटलं, येक डरम शिवाप्पा अण्णाचं, येक माझं. शेड अर्धं अर्धं. त्या डरमावर मी पोरी शिकवल्या, लग्नं केली. अण्णा नंतर माज्याकडंच हळद पाठवायचा, त्याचं डरम बंद पडलं की.

मी बाईंच्या पाया पडाय गेले तर पाय मागं घेतलं. म्हनाल्या, "माझं काय? ते पुस्तकात होतं." आन त्या दिशी दुसरंच काम काढलं. भागीपत्राचा येक नमुना लिवला. त्यात येक कलम सवतं घातलं, भागीदार मेला तर त्याच्या बायकोला हिशेब दाखवल्याबिगर माल इकायचा न्हाई. त्यो नमुना बारच्या खणात ठिवला. वर लिवलं, कुणाही मेंबरनं वापरावा. मी म्हनलं, बाई, तुमची मेहनत फुकट वाटता? म्हनाल्या, "मेंबर म्हणजे काय मग? नुसता पंखा?" फुडं दादासायेबच आपला ज्युनियर धाडून त्या नमुन्याची नक्कल करून घेत. त्यांनी बाईंची माफीबी मागितली, चारचौघांत. मोठं मानूस म्हनायचं.

बाईंचं समदंच गोड नव्हतं. शिव्या नसत द्यायच्या पन एका शब्दात मानूस बारीक करायच्या. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाला आल्या आन जावयाला म्हनाल्या, "धंद्यात बायकोचं नाव लावलंत का?" अक्षता पडायच्या आधी! त्यानं लावलं, बापडा भ्याला.

धा दिसामागं त्यांची शोकसभा झाली, बार रूममधी. लय भाषनं झाली. मी भाषन ऐकत नव्हते, कपाट बगत हुते. आता काचंचं हाय, आत दिवा बी हाय. आन वरनं दुसऱ्या वळीत दोन पुस्तकांच्या मधी हात जाईल एवढी फट. मी उठून एका पोरसवदा वकिलाला इचारलं, हितलं पुस्तक कुठं हाय? म्हनला, "कुणीतरी नेलंय आजी. आता मोबाईलवर मिळतं सगळं." मिळत असंल. पन त्या दिशी सातारला ते नसतं मिळालं तर?

हे वाचनाऱ्यांत कुनी वकील असतील, कुनाच्या घरात वकील असंल. बारच्या कपाटातलं येकादं पुस्तक तुमच्या घरी असंल तर उद्या नेऊन ठिवा. वाचून झालं नसलं तरी ठिवा, आन परवा जाऊन तिथं बसून वाचा.